मेमरी ट्रेनिंग

संगणक सुरू होताना मेमरी कंट्रोलर (प्रोसेसरमधील रॅम हाताळणारा भाग) आणि रॅमच्या चिप यांच्यातील संदेशांची वेळ व विद्युत दाबाची पातळी एकमेकांशी जुळवून घेण्याची प्रक्रिया. ‘स्मृती-समायोजन’ हा शब्द अर्थाने अधिक नेमका ठरेल, पण व्यवहारात तो कोणी वापरत नाही. यंत्र-अध्ययनाशी या ट्रेनिंगचा संबंध नाही. कंट्रोलर इथे काही शिकत नाही, चाचपडून मोजतो.

डीडीआर हे रॅमच्या प्रमाणित पिढ्यांचे नाव; तिच्या पाचव्या पिढीतील डीडीआर५-६००० रॅमच्या प्रत्येक डेटावाहिनीवरून सेकंदाला ६०० कोटी बिट जातात. (वेष्टनावर व बोलण्यात ‘६००० मेगाहर्ट्झ’ म्हणतात ते बरोबर नाही, क्लॉक (ठोके देणारा संदेश) ३००० मेगाहर्ट्झचा असतो आणि त्याच्या दोन्ही कडांवर बिट जातो.) एका बिटाच्या वाट्याला सुमारे १६७ पिकोसेकंद येतात, पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. एवढ्या वेळात बोर्डावरील तांब्याच्या वाटेवरून संदेश जेमतेम अडीच सेंटिमीटर सरकतो. त्यामुळे वाटांच्या लांबीत काही मिलिमीटरांचा फरक पडला तरी तो जाणवतो. कोणता प्रोसेसर कोणत्या बोर्डावर, कोणत्या मॉड्यूलसोबत (रॅमच्या चिप बसवलेल्या पट्टीसोबत) बसणार हे कारखान्यात ठाऊक नसते; म्हणून ही जुळणी जागेवरच करावी लागते.

उगम : ट्रेनिंगची सुरुवात कुठून धरावी याबद्दल एकमत नाही. एक मत २००० साली प्रमाणित झालेल्या पहिल्या डीडीआरपर्यंत मागे जाते. त्यात डेटाबरोबर धावणारा ‘स्ट्रोब’ हा वेगळा वेळदर्शक संदेश आला आणि तो किती उशिराने वाचायचा हे कंट्रोलरला ठरवावे लागले. दुसरे मत डीडीआर२ला (२००३) मान देते, कारण तिच्यात चिपच्या निर्गम-रोधाची (संदेश बाहेर पाठवताना होणाऱ्या विद्युत अडथळ्याची) जुळणी करण्याची सोय होती. पुढे ती फारशी वापरात राहिली नाही. परंतु पहिल्या प्रकारात चिप गप्पच राहते आणि दुसऱ्यात वेळेचा प्रश्न येत नाही. चिपने स्वतः ‘संदेश लवकर आला की उशिरा’ हे सांगणे हा ट्रेनिंगचा गाभा मानला, तर आरंभ डीडीआर३पासून (२००७) धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

डीडीआर३मध्ये हे अपरिहार्य झाले, याला मांडणी कारणीभूत आहे. डीडीआर२पर्यंत क्लॉक आणि आज्ञा यांच्या वाटा झाडासारख्या फाटे फुटून सर्व चिपपर्यंत जवळपास एकाच वेळी पोचत. वेग वाढला तसे प्रत्येक फाट्यावर संदेशाचे परावर्तन होऊन तो गढूळ होऊ लागला. डीडीआर३ने फाटे काढून टाकले. एकच वाट एका चिपवरून दुसऱ्या चिपकडे जाते आणि शेवटी रोधाने बंद होते. संदेश स्वच्छ झाला, पण तो आता प्रत्येक चिपला वेगळ्या क्षणी मिळतो. मॉड्यूल सुमारे १३ सेंमी लांब असते. तेवढे अंतर कापायला पाऊण नॅनोसेकंदाहून अधिक वेळ लागतो, तर डीडीआर३-१६००मध्ये एका बिटाचा काळच ०.६२५ नॅनोसेकंद. यावर उपाय म्हणजे ‘राइट लेव्हलिंग’ : कंट्रोलर स्ट्रोबला थोडाथोडा उशीर देत पाठवत राहतो, चिप त्या क्षणी क्लॉक वर आहे की खाली हे पाहून १ किंवा ० परत करते, आणि उत्तर ०वरून १वर उलटले की त्या चिपपुरता उशीर ठरतो.

वाचनासाठी ठरावीक नमुना वाचून तो कोणत्या उशिरापासून कोणत्या उशिरापर्यंत बरोबर येतो हे तपासतात आणि मधला बिंदू निवडतात. डीडीआर४ने (२०१२) यात ० आणि १ यांना विभागणाऱ्या दाबाची जुळणी आणली, ती ०.६५ टक्क्याच्या पायऱ्यांनी होते. अशा रीतीने वेळ आडवी व दाब उभा धरून जो मोकळा प्रदेश मिळतो त्याला ‘डोळा’ म्हणतात. डीडीआर५मध्ये (२०२०) आज्ञावाहिन्यांचीही जुळणी करावी लागते, शिवाय आधीच्या बिटांची सावली पुसणारी चार टप्प्यांची समकारक योजना आली. नव्या संगणकाचा पडदा पहिल्यांदा काही मिनिटे काळाच राहतो, पंखे फिरत असतात आणि मालक घाबरतो, ते बहुधा यामुळे. अशा वेळी वीज तोडली की काम पुन्हा पहिल्यापासून.

स्थैर्य : ट्रेनिंग यशस्वी झाली म्हणजे रॅम स्थिर झाली असे नाही. डोळा उघडा आहे एवढेच तिने ठरते. तो किती उघडा आहे हा खरा प्रश्न. एक्सएमपी (२००७) आणि एक्सपो (२०२२) या प्रोफाइलांमधील, म्हणजे मॉड्यूलमध्येच नोंदवलेल्या तयार मांडण्यांमधील, वेग सहसा प्रमाणित वेगाहून जास्त असतात; मॉड्यूल त्या वेगाला चालेल, पण कंट्रोलर आणि बोर्ड चालतीलच असे नाही. एएमडीच्या रायझन ७००० प्रोसेसरांसाठी अधिकृत मर्यादा दोन मॉड्यूलांना डीडीआर५-५२००, तर चारांना ३६०० आहे. त्यामुळे ‘रॅम खराब आहे’ हा निष्कर्ष पुष्कळदा घाईचा असतो.

मोजणी थंड यंत्रावर होते आणि काम तापलेल्या यंत्रावर चालते, ही दुसरी अडचण. जुने मोजमाप जपून ठेवून पुढच्या वेळी ट्रेनिंग टाळण्याची सोय बायॉसमध्ये (संगणक सुरू करणाऱ्या बोर्डावरील कार्यक्रमात) असते; सुरुवात झटपट होते, पण अस्थिरतेचा माग काढताना ही सोय आधी बंद करावी. तापमानाचा परिणाम साठवणीवरही होतो. प्रत्येक कोशातील (एक बिट साठवणाऱ्या सूक्ष्म घटकातील) विद्युत भार गळत असल्याने डीडीआर४मध्ये तो ६४, डीडीआर५मध्ये ३२ मिलिसेकंदांत पुन्हा भरावा लागतो आणि ८५° से.च्या वर दुप्पट वेळा. काही कोशांची भार धरून ठेवण्याची मुदत आपोआप बदलते, हे १९८७पासून ज्ञात आहे. म्हणून आज उत्तीर्ण झालेली चाचणी उद्याची हमी देत नाही.

चुकांचे खापर पूर्वी मुख्यतः किरणोत्सर्गावर फोडले जाई. चिपच्या वेष्टनातील द्रव्यातून सुटणारे अल्फा कण बिट उलटवतात हे १९७०च्या दशकाच्या अखेरीस दाखवण्यात आले होते. गूगलच्या सर्व्हरांवरील २००९च्या अभ्यासात मात्र वर्षाकाठी ८ टक्क्यांहून अधिक मॉड्यूलांत चुका आढळल्या आणि त्यांत पुन्हापुन्हा उद्भवणाऱ्या दोषांचा वाटा मोठा निघाला. घरगुती यंत्रांबाबतही हाच कल मानणे योग्य वाटते. डीडीआर५च्या चिपमध्ये चूक सुधारण्याची अंतर्गत सोय आहे, पण ती चिपच्या आतील बिटांपुरतीच असते. कंट्रोलरपर्यंतच्या वाटेवर बिट उलटला तर ती काही करू शकत नाही.

चाचणीसाठी मेमटेस्ट८६सारखे कार्यप्रणालीशिवाय चालणारे कार्यक्रम वापरतात. एकही चूक दिसली तर वेग एक पायरी उतरवणे हा, दाब वाढवत बसण्यापेक्षा, कमी जोखमीचा मार्ग.

लॅपटॉप व मोबाइलमधील, बोर्डावर झाळलेल्या एलपीडीडीआर (कमी वीज वापरणाऱ्या) रॅमचीही ट्रेनिंग होते. मात्र तिथे वाटा आखूड व जोडी ठरलेली असते आणि वापरणाऱ्याच्या हाती फारसे काही राहत नाही.