सरकीचे केस

मक्याच्या कणसाला केस येतात, गव्हाच्या ओंबीला कुसळं. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात यातलं एकही केस नाही. मक्याचा प्रत्येक ‘केस’ हा स्त्रीफुलाचा भाग असतो. एका केसामागे एक दाणा. त्याला पराग लागला नाही की कणसात तेवढी जागा रिकामी. उलट ज्याला कुणी केस म्हणत नाही, तो कापूस मात्र अस्सल केस.

फूल उमलतं त्याच सुमारास कोवळ्या बीच्या सालीवरल्या काही पेशी फुगून वर येतात. पुढे एकेका पेशीचाच अडीच-तीन सेंटिमीटरचा धागा होतो. आपला केस असंख्य मेलेल्या पेशींचा. हा एकाच पेशीचा. पहिले तीनेक आठवडे धागा लांबतो, मग आतून सेल्युलोजचे थर चढतात. परभणी-नांदेडच्या कोरडवाहू रानात पावसाचा खंड लांबण्याच्या दिवसांत पडला तर धागा आखूड राहतो. थर चढताना पडला तर पोकळ, कच्चा राहतो. कच्चा धागा जिनिंगमध्ये, म्हणजे यंत्रात सरकीपासून रुई सोडवताना, तुटतो, गुठळ्या धरतो, रंगही नीट घेत नाही.

बोंड फुटलं की पेशी वाळून चपटी होते आणि फितीसारखी पीळ खाते. सूत निघतं ते या पिळांमुळे, कारण धागे एकमेकांत अडकतात. काटेसावरीचा कापूस गुळगुळीत, पिळाविना. म्हणून तो उशीत जातो, चातीवर नाही. रुई काढल्यावर सरकीला चिकटून राहते ती आखूड लव. तीही केसच.

पानांवरही लव असते. ती दाट असली की तुडतुड्यांना अंडी घालायला आणि रस शोषायला अडचण होते, पण पांढऱ्या माशीला असंच पान आवडतं. म्हणून ‘लवाळ वाण घ्या’ हा सल्ला अर्धाच खरा.

हरभऱ्याच्या लवेला टोकाशी ग्रंथी असतात. त्यांतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरतं, तीच आंब. ती गोळा करायला रात्री पिकावर धोतर पसरायचं, पहाटे दव वाळायच्या आत भांड्यात पिळायचं. पाऊस झाला की आंब धुऊन जाते. उघड्या पायांनी हरभऱ्यातून गेलं की कातडी चुरचुरते तीही याच आम्लाने.

घोंगडीत भेसळ आहे का, हे पाहायला उभ्या-आडव्या दोन्ही सुतांचा एकेक दोरा काढून चिमट्यात धरून जाळा. लोकर ही आपल्या केसांसारखीच केराटिनची. त्यात गंधक असतं, म्हणून केस जळाल्याचा वास येतो आणि बोटाने चुरडणारी काळी गोळी उरते. कापूस कागदासारखा जळतो, मऊ राख उरते. दोरा वितळून टणक मणी झाला तर समजा, ते पॉलिएस्टरसारखं कृत्रिम सूत.