नायजर म्हणजे नायजेरिया नव्हे
जुलै २०२३ मध्ये नायजरमध्ये लष्कराने सत्ता बळकावली, तेव्हा ‘आता लागोसचं काय होणार?’ असं विचारणारे बरेच भेटले. लागोसला काय व्हायचंय? ते नायजेरियात.

गोंधळ होणारच म्हणा. दोन्ही नावं एकाच नदीवरून पडलेली. दोन्ही देश १९६० सालीच स्वतंत्र झाले: नायजर ३ ऑगस्टला फ्रान्सपासून, नायजेरिया १ ऑक्टोबरला ब्रिटनपासून. सीमेच्या अल्याडपल्याड हौसाच बोलतात. पण नायजेरियात वीस कोटींवर माणसं, चलन नायरा आणि दाराशी अटलांटिक. नायजर क्षेत्रफळाने त्याहून मोठा, पण बराचसा सहारा, वस्ती तीन कोटींच्या आत, चलन सीएफए फ्रँक आणि समुद्र नाहीच.

नायजेरियाची दुखणी बहुतेक घरचीच. नायजरच्या नाड्या मात्र शेजाऱ्यांच्या हातात. त्याचं बंडापर्यंतचं नेहमीचं बंदर कोटोनू, तेही बेनिनमध्ये, राजधानी नियामेपासून हजारेक किलोमीटरवर. बंडानंतर इकोवास या प्रादेशिक संघटनेने निर्बंध लादले. नायजेरियाने वीज तोडली. नायजरची जवळपास ७० टक्के वीज तिथूनच यायची. बेनिनने सीमा बंद केली आणि सीमेवरच्या मालनव्हील गावी नायजर नदीवरच्या पुलाअलीकडे ट्रकांची कित्येक किलोमीटरची रांग लागली. पोती होड्यांतून पलीकडे जाऊ लागली. दुसरी वाट टोगोच्या लोमे बंदरातून बुर्किना फासोमार्गे, म्हणजे जिहादी टोळ्यांच्या मुलखातून, लष्करी पहाऱ्यात. नायजरमधल्या गाल्मीचा जांभळा कांदा पार आयव्हरी कोस्टच्या बाजारापर्यंत जातो. सीमा अडली की त्याचं काय होतं, हे नाशिककराला वेगळं सांगायला नको.

फेब्रुवारी २०२४ मध्ये निर्बंध उठले. बेनिनने दार उघडलं, तर नायजरच अडून बसला. हा हट्ट त्याला महागात पडला. नायजरमधल्या अगादेमचं तेल जवळपास २,००० किलोमीटरच्या पाइपलाइनने बेनिनच्या सेमे किनाऱ्यावर येतं. मे महिन्यात बेनिनने ते जहाजात भरणंच रोखलं: आधी सीमा उघडा, मग तेल न्या.

बातमी वाचताना गावाचं नाव बघा. नियामे, अगादेझ किंवा युरेनियमच्या खाणींचं आर्लित दिसलं तर नायजर. अबुजा, कानो, लागोस दिसलं तर नायजेरिया.