लाकूड सादळतं, लाकूड तडकतं

सोलापूरच्या घरात कडक भाकरीचा डबा असतोच. एप्रिलमध्ये त्यातल्या भाकरीला टिचकी मारली तर ती टणटण वाजते. श्रावणात झाकण नीट लागलं नाही, की तीच भाकरी सादळून चामट होते. गिटारचं लाकूड असंच वागतं, आणि हे मला पहिली गिटार फाटली तेव्हा समजलं.

ती मी हाताने बांधलेली पहिलीच गिटार. तिची पुढची पाटी, म्हणजे सतार बनवणारे जिला तबली म्हणतात ती, आणि तबलीला आतून लावायच्या पट्ट्या मी ऑगस्टमध्ये चिकटवल्या. दिवाळीत तारा चढवल्या, आवाज मोकळा आला. मग एप्रिलची एक दुपार, बाहेर 42 अंश. भिंतीवर टांगलेल्या गिटारमधून 'तड' असा आवाज आला. जवळ जाऊन पाहिलं तर घोडीच्या, म्हणजे तबलीवर तारा जिथे टेकतात त्या पट्टीच्या, खालून थेट बुडापर्यंत केसाएवढी भेग.

गल्लीतले मागवाले काका ती भेग बघून म्हणाले, "हवा कोरडी आहे की. आमचं सूतपण असंच तुटतंय बघा." कोरड्या दिवसांत यंत्रमागाच्या शेडमध्ये पाणी का शिंपडतात, ते तेव्हा उमगलं. सूत आणि लाकूड दोन्हींचा मूळ पदार्थ सेल्युलोज. हवेत बाष्प असलं की तो ते ओढून घेतो, नसलं की सोडून देतो. हवेतली आर्द्रता 50 टक्के असेल तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण 9 टक्के पाणी मुरलेलं असतं. आर्द्रता 25 टक्क्यांवर आली की ते 5 टक्क्यांच्या आसपास येतं. आपल्याकडे उन्हाळ्याच्या दुपारी आर्द्रता याहूनही खाली उतरते.

पाणी गेलं की लाकूड आक्रसतं, पण सगळीकडून सारखं नाही. लाकडावरच्या रेषांच्या दिशेने जवळजवळ नाहीच, रेषांना आडवं मात्र चांगलंच. गिटारची तबली सर्वांत रुंद जागी 40 सेंटिमीटर भरते. एवढ्या रुंदीची स्प्रूसची, म्हणजे थंड प्रदेशातल्या एका सूचिपर्णी झाडाची, पाटी 9 वरून 5 टक्क्यांवर आली तर साधारण 2 मिलिमीटरने अरुंद होते. सुटी असती तर झाली असती. पण आतल्या पट्ट्यांच्या रेषा तबलीच्या रेषांना आडव्या जातात, म्हणून पट्ट्या आक्रसत नाहीत आणि तबलीलाही आक्रसू देत नाहीत. ताण वाढत जातो आणि शेवटी पाटी रेषेवर फाटते.

मग जाड पाटी का लावू नये? कारण वाजते ती तबलीच. नुसती तार हवेला फारसं हलवू शकत नाही. दोन जड, न हलणाऱ्या आधारांमध्ये ताणून छेडली तर शेजारच्या खोलीतही ऐकू येणार नाही. तारेची थरथर घोडीतून तबलीत उतरते आणि तबलीचं सगळं अंग हवा ढकलतं. त्यासाठी ती हलकी हवी. पण स्टीलच्या सहा तारांची ओढ मिळून 70 किलोच्या आसपास जाते, म्हणजे एक मोठा माणूस कायम घोडीला लटकलेला. तेवढं पेलायला ती ताठही हवी. हे दोन्ही स्प्रूसमध्ये एकत्र मिळतं. रेषेच्या दिशेने त्यातून आवाज सेकंदाला 5,000 मीटरहून जास्त वेगाने जातो, जवळपास पोलादातून जातो तसा, आणि वजन मात्र पाण्याच्या निम्म्याहून कमी.

तबली साधारण 3 मिलिमीटरपेक्षा थोडी पातळ ठेवतात. रंधा मारताना इथे खरा कस लागतो, कारण ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. 3 मिलिमीटरची पाटी 2.7 केली तर लाकूड दहा टक्केच गेलं, ताठपणा मात्र 27 टक्क्यांनी उतरला. आतल्या पट्टीची उंची निम्मी केली तर तिचा ताठपणा आठवा हिस्साच उरतो. म्हणून कारागीर पटाशीने पातळ पापुद्रा काढतो, पाटी दोन बोटांत धरून कानाजवळ नेतो, टकटक करून ऐकतो, पुन्हा एक पापुद्रा काढतो. आधी बद्द वाजणारी पाटी हळूहळू घुमायला लागते. तिथे थांबायचं, हे शिकायला वर्षं जातात.

मागच्या आणि बाजूच्या लाकडाबद्दल लोक जरा जास्तच हळवे असतात. आधुनिक स्पॅनिश गिटारला आकार देणाऱ्या आंतोनियो दे तोरेस यांनी 1862 मध्ये पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या केल्या आणि तबली तेवढी लाकडाची ठेवली. तबलीचं महत्त्व दाखवायला याहून सरळ प्रयोग सुचणार नाही. 2018 मध्ये इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी पाठीचं लाकूड सोडून बाकी सारख्या अशा सहा गिटार 52 वादकांना अंधूक उजेडात वाजवायला दिल्या. लाकडावरून आवाजातला फरक वादकांना खात्रीने सांगता आला नाही. शिसव सुंदर दिसते, टिकते, तिच्यावर माझंही प्रेम आहे. पण ती परवडत नाही म्हणून कुणी गिटार बांधायचं सोडू नये.

पोटातली हवाही वाजते. तांब्याच्या तोंडावर फुंकर मारली की तो घुमतो, तशीच गिटारच्या पोटातली हवा सेकंदाला शंभरेक वेळा तोंडातून, म्हणजे तबलीतल्या गोल भोकातून, आत-बाहेर होते. वाटलं तर करून पाहा. गिटारच्या तोंडावर पुठ्ठा धरा आणि जाड तारा छेडा, खर्ज विरून जातो.

पडद्यांचं गणित त्या मानाने सोपं. उरलेली लांबी दर वेळी 17.817 ने भागायची, येईल तेवढ्या अंतरावर पुढचा पडदा. 650 मिलिमीटरच्या तारेवर पहिला पडदा 36.5 मिलिमीटरवर येतो आणि बारावा बरोबर मध्यावर.

मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा आपल्या पंढरपूर भागात पिकतो. तो वाळवून, मुरवून मगच कामाला घेतात. हवेशी सांधा जुळवायची ही शिस्त मी उशिरा उचलली. पावसाळ्यात चिकटवलेली तबली उन्हाळ्यात फाटते. कोरड्या हवेत चिकटवलेली पावसाळ्यात थोडी फुगते, घोडी किंचित वर येते, पण ते निस्तरता येतं. माझी भेग सरस भरून आणि आतून स्प्रूसचे छोटे तुकडे आडवे चिकटवून बुजवली. आता त्या गिटारच्या पेटीत भोकं पाडलेली साबणाची डबी असते, तिच्यात ओला स्पंज. उन्हात लावलेल्या गाडीत मात्र ती पेटी कधीही ठेवत नाही, सरस तिथे मऊ पडतो.

नव्या गिटारची तबली सप्टेंबरपासून दोरीवर टांगलेली आहे आणि दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर चढते. यंदा गड्डा, म्हणजे सोलापूरची जानेवारीतली सिद्धेश्वराची जत्रा, उठल्यावर वजन केलं तेव्हा ती सप्टेंबरपेक्षा 11 ग्रॅमने हलकी भरली, आणि पुढचे दोन रविवार आकडा हलला नाही. त्या संध्याकाळी सरस भिजत घातला.