दोरा सांगतो अंतर, वारा ठरवतो वेळ

नागपूरच्या झिरो माईलच्या दगडावर हैदराबाद, जबलपूर, छिंदवाडा अशा ठिकाणांची अंतरे मैलांत कोरलेली आहेत. ज्या गावाचा आकडा मोठा त्याला वेळ जास्त, हा हिशेब सडकेवर बहुतेक वेळा जुळतो; हवेत मात्र तो चुकू शकतो.

नागपूरच्या सोनेगाव विमानतळापासून अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को किती दूर आहे, हे घरीही मोजता येते. 30 सेंटिमीटर व्यासाच्या पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो सुमारे 31 सेंटिमीटर भरतो. पृथ्वीचा परीघ सुमारे 40,000 किलोमीटर असल्यामुळे या गोलावरचा एक सेंटिमीटर म्हणजे साधारण 425 किलोमीटर, आणि त्यानुसार अंतर 13,100 किलोमीटरच्या आसपास येते. गंमत आहे ती दोऱ्याच्या वाटेत. तो जवळजवळ उत्तरेकडेच निघतो, नेपाळ आणि तिबेट ओलांडतो, सायबेरियावरून थेट आर्क्टिक समुद्रापर्यंत जातो आणि अलास्कावरून खाली उतरतो. गोलावरच्या या सर्वांत आखूड वाटेला बृहद्वृत्त म्हणतात. भिंतीवरच्या सपाट नकाशात तीच वाट उगाच घातलेल्या वळशासारखी दिसते.

विमाने या वाटेला तंतोतंत चिकटून राहत नाहीत. केबिनमधील हवेचा दाब अचानक घटला, तर विमानाला त्वरेने सुमारे 10,000 फुटांपर्यंत खाली यावे लागते, कारण मुखवट्यांतील प्राणवायू मोजकीच मिनिटे पुरतो. तिबेटच्या पठाराची जमीनच सरासरी त्याहून उंच असल्याने प्रवासी विमाने शक्यतो ते टाळतात.

याहून मोठा फरक वारा पाडतो. जमिनीपासून साधारण 9 ते 12 किलोमीटर उंचीवर, म्हणजे जेट विमाने जिथे उडतात नेमके तिथेच, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वाऱ्याचे अरुंद पट्टे असतात. उष्ण आणि थंड हवेतील तापमानाचा फरक व पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे यांतून हे जेट प्रवाह तयार होतात. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी 1920च्या दशकात फुगे सोडून ते मोजले होते, पण आपला अहवाल त्यांनी एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत छापला, आणि जगाने त्याकडे फारसे लक्ष दिले नाही.

या वाऱ्याचे मोल एअर इंडियाच्या दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानाने चोख दाखवून दिले. अटलांटिकवरून जाणारा त्याचा मार्ग सुमारे 13,900 किलोमीटरचा होता. ऑक्टोबर 2016 मध्ये ते पूर्वेकडे वळून पॅसिफिकवरून गेले. अंतर सुमारे 15,300 किलोमीटर झाले, तरी पाठीवर वारा असल्यामुळे ते साधारण साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा सुमारे दोन तास लवकर पोहोचले. पृथ्वी खालून फिरते म्हणून हा फरक पडतो, असे अनेकांना वाटते. पण वातावरण पृथ्वीबरोबरच फिरत असल्यामुळे तसा फुकटचा लाभ विमानाला मिळत नाही.

नागपूरकराला आधी दिल्ली-मुंबईसारखे एखादे मोठे विमानतळ गाठावे लागते, आणि पुढच्या विमानाची वाट पाहण्यात जाणारे तास कोणत्याही दोऱ्याने मोजता येत नाहीत. त्यात घड्याळाचा घोळ निराळाच. तिकिटावरील वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात आणि हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्को आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असते. त्यामुळे दिल्लीहून पहाटे 4 वाजता निघून साडेपंधरा तास उडालेले विमान तिथे त्याच तारखेला सकाळी 6 वाजता उतरते, आणि तिकीट वाचणाऱ्या आजोबांना तो प्रवास दोन तासांचा वाटतो.