बाटलीत उतरलेला रंग

सकाळी कोळणीच्या पाटीतला ताजा बांगडा नीट बघा. पाठीवर निळसर-हिरवी झाक, त्यात काळपट आडव्या रेघा, पोट आरशासारखं लखलखीत. बर्फाबाहेर राहिला तर दुपारपर्यंत तोच बांगडा निस्तेज, करडा दिसायला लागतो. दोनशे वर्षांपूर्वी हिंदुस्थानातल्या माशांची मोजदाद करायला निघालेल्या कंपनी सरकारच्या डॉक्टरांना हीच गोष्ट नडत होती.

माशाची चांदी हा मुळात रंग नव्हेच. त्वचेत ग्वानिनच्या (हो, डीएनएतलं तेच ग्वानिन) पातळ स्फटिकांच्या थप्प्या असतात, त्यांवरून उजेड परावर्तित होतो. काळा रंग मेलॅनिनचा, तो चिवट. लाल-पिवळे रंग बहुतेक कॅरोटिनॉइडचे आणि ते अल्कोहोलमध्ये विरघळतात. म्हणजे मासा टिकावा म्हणून दारूत बुडवला की देह टिकतो आणि रंग बाटलीत उतरतो. संग्रहालयातल्या जुन्या बरण्यांमधले मासे सगळे एकाच मातकट जातीचे वाटतात ते यामुळे.

मग उरतं चित्र. मासा पाण्याबाहेर येताच चित्रकाराने कागद पुढे ओढायचा. डोकं डावीकडे, बाजूने दिसेल तसं. पंखांचे काटे आणि अंगावरच्या रेषेतले खवले मोजून काढायचे, कारण जात ठरते ती त्या आकड्यांवरून. तांब्याच्या पत्र्यावर कोरताना चित्र उलटं कोरायचं, नाहीतर छापल्यावर डावं-उजवं बदलतं. बांगड्याच्या बाबतीत ते खपून जाईल. लेपी या चपट्या माशाचे दोन्ही डोळे मात्र डाव्या अंगाला असतात. चित्र उलटलं की ते उजवीकडे जातात आणि जाणकारही चकतो.

फ्रान्सिस ब्युकॅनन हा स्कॉटिश डॉक्टर 1807 ते 1814 बंगालच्या पाहणीवर होता. गावोगावचे मासे पाहून तो वर्णनं लिही आणि देशी चित्रकाराकडून चित्रं काढून घेई. 1815 मध्ये तो मायदेशी निघाला, तेव्हा सरकारने त्याच्याकडची चित्रं ठेवून घेतली. माशांची बरीच चित्रं कलकत्त्यातच राहिली. पुढे आडनाव बदलून हॅमिल्टन झालेल्या या गृहस्थाचा गंगेच्या माशांवरचा ग्रंथ 1822 मध्ये एडिंबरोत निघाला, सोबत 39 चित्रपट्ट, म्हणजे चित्रांची छापील पानं. पण मासे? त्याने एकही नमुना जपून ठेवलेला नाही. प्राणिशास्त्राचा नियम असा, की जातीचा आधार म्हणजे चित्रात दिसणारा मासा, चित्राचा कागद नव्हे. मासाच नसला तर पुढचे संशोधक त्या कागदाकडेच वळणार. कलकत्त्यातल्या चित्रांचा गुंता उलगडायला मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरांना 1929 मध्ये स्वतंत्र प्रबंध लिहावा लागला.

याच ग्रंथात रोहू, कटला, मृगल आणि हिल्सा आपापली देशी नावं घेऊन लॅटिनमध्ये शिरले. कोसी नदीतला एक बोटाएवढा पट्टेरी मासाही त्यात आहे. आज जगभरच्या प्रयोगशाळांत हजारोंनी पाळला जाणारा झेब्राफिश तो हाच. त्याचा संपूर्ण जीनोम 2013 मध्ये प्रसिद्ध झाला.

आपल्याकडे हे काम कर्नल विल्यम साइक्सने केलं. मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करताना त्याने भीमेच्या खोऱ्यातले मासे गोळा केले. वर्णनं 1839 मध्ये आली, चित्रांसह लेख 1841 मध्ये. त्यातली नावं मोठ्याने वाचून पाहा. सीनघाला, म्हणजे शिंगाळा. सीनगटी, म्हणजे शिंगटी. मुळा-मुठेतला महाशीर झाला खुद्री. माझा आवडता नुक्टा, अर्थात नकटा. याच्या तोंडावर खोल खाच असते आणि तिच्या वर नाकाचा मांसल गोळा पुढे आलेला. ज्याला नाक जास्तच आहे त्याला नकटा म्हणायची ही खोड आपली जुनीच. चोचीवर कंगोरा असलेल्या बदकालाही आपण नकटाच म्हणतो. इंग्रज कर्नलला हा विनोद कळला असेल का, शंकाच आहे.

नावं मासे धरणाऱ्यांनी सांगितली. चित्रं काढणाऱ्या देशी हातांची नावं अशा ग्रंथांत क्वचितच सापडतात. विशाखापट्टणमच्या दोनशे माशांचं पॅट्रिक रसेलचं 1803 मधलं देखणं पुस्तकही त्याला अपवाद नाही. शास्त्रीय यादीत खुद्रीच्या पुढे छापलेलं असतं: (साइक्स, 1839). तो कंस मात्र चित्रकारासाठी नाही. मूळ वर्णनानंतर माशाची प्रजाती, म्हणजे लॅटिन नावातला पहिला शब्द, बदलली, एवढंच तो सांगतो.