मॅक्युलर होलचं ऑपरेशन आणि त्यातली गुंतागुंत

डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध, जिथून आपण बारीक अक्षर वाचतो त्या मॅक्युलाला पडलेलं छिद्र बुजवण्याचं हे ऑपरेशन. (कडेच्या छिद्राला बहुतेक वेळा लेझरवरच भागतं, ते इथे घेतलेलं नाही.) केली आणि वेंडेल या डोळ्यांच्या डॉक्टरांनी १९९१ ला हे छिद्र बुजवता येतं असं दाखवलं, तोवर यावर इलाज नाही असंच धरून चालायचे. डोळ्यातली जेली काढायची आणि शेवटी गॅस भरायचा, पुढे त्यात पडद्यावरचा पातळ पापुद्रा सोलणंही आलं.

सगळ्यात जास्त दिसतो तो मोतीबिंदू. पन्नाशीपुढच्या पेशंटला तो दोनेक वर्षांत बहुधा वाढतोच, म्हणून बरेच सर्जन दोन्ही एकदमच उरकतात. पडदा सुटणं, डोळ्याचं प्रेशर वाढणं, छिद्र न बुजणं किंवा परत उघडणं, आणि इन्फेक्शन (क्वचित, पण फार वाईट) हे बाकीचं.

खरा घोळ आहे तो बाजूची नजर जाण्यावरून. छिद्र बुजतं, पण कानाकडच्या आणि खालच्या बाजूचं दिसणं कमी होतं. आधी दोष गॅसवर गेला, मग जेली सोडवताना नसेवर येणाऱ्या ताणावर, आणि मग ऑपरेशनच्या वेळी आत सोडलेल्या हवेच्या झोतानं पडदा सुकतो असं मत आलं. हे शेवटचं जास्त पटतं, कारण हवेचं प्रेशर कमी ठेवलं की प्रकार घटला, आणि हवा सोडायची जागा बदलली तर नजर जायची बाजूही बदलली. पापुद्रा नीट दिसावा म्हणून लावतात त्या आयसीजी नावाच्या हिरव्या रंगावरही संशय आहे, त्यामुळे आता ब्रिलियंट ब्लू हा निळा रंग जास्त वापरतात.

गॅसचा बुडबुडा छिद्रावर टेकावा म्हणून ऑपरेशननंतर पालथं राहायला सांगतात, पण किती दिवस यावर एकमत नाही. छोट्या छिद्राला फारसा फरक पडत नाही असं बरेच जण म्हणतात, मोठ्याला मात्र अजून सांगतातच. गावाकडे छातीखाली उशी घेऊन, तोंड बाजेच्या कडेबाहेर काढून पडतात, पण कापूस वेचणीच्या दिवसात घरी बसायचं कोण.

एसएफ६ गॅस साधारण दोन आठवडे, सी३एफ८ सहा ते आठ आठवडे टिकतो. उंचीवर गॅस फुगतो आणि प्रेशर वाढतं, म्हणून विमान बंद असतं हे सगळे सांगतात, घाटाचं राहून जातं. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना साताठशे मीटर उंची वाढते, म्हणून मेळघाटातल्या पेशंटने घरी जायच्या आधी डॉक्टरला विचारलेलं बरं. वर गेल्यावर डोळा ठणकला, उलटी झाली तर लगेच खाली उतरून दवाखाना गाठायचा. गॅस असेपर्यंत दुसरं कुठलंही ऑपरेशन निघालं तर भूल देणाऱ्याला आधी सांगायचं, नायट्रस ऑक्साइडनेही बुडबुडा फुगतो.