एमजीबी: इंजिनाच्या मागे काय बदलावे?

इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 या काळात तयार झालेली एमजीबी ही छोटी स्पोर्ट्स कार आजही हौशी मंडळींच्या गॅरेजमध्ये मोठ्या संख्येने दिसते. तिचे 1798 सीसीचे इंजिन बी-सिरीज या घराण्यातले आहे. आपल्याकडे वर्षानुवर्षे धावलेल्या अँबॅसिडरचे 1489 सीसीचे पेट्रोल इंजिन त्याचेच भावंड. अशी गाडी अधिक चपळ करायची म्हटले की पहिली नजर कार्ब्युरेटरकडे (इंधन आणि हवा मिसळणारा भाग) आणि कॅमशाफ्टकडे (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) जाते. परंतु गाडीचा स्वभाव इंजिनाइतकाच त्याच्या मागे असलेल्या क्लच, गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट (मागच्या ॲक्सलपर्यंत जोर नेणारा दांडा) आणि डिफरन्शिअल (तो जोर दोन चाकांत वाटणारी रचना) या साखळीवर अवलंबून असतो. ही साखळी स्वतः शक्ती निर्माण करत नाही, उलट घर्षणात थोडी गमावते. ती फक्त फेरे कमी करून टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, वाढवते. म्हणून तिच्यातला प्रत्येक बदल हा सौदा असतो, आणि तो फायद्याचा आहे की नाही हे आकडेमोड केल्याशिवाय कळत नाही.

सुरुवातीच्या एमजीबीचा पहिला गिअर 3.64 पटीचा आणि मागच्या ॲक्सलमधील क्राउन-पिनियन या दात्यांच्या चाकांची जोडी 3.909 पटीची आहे. दोन्हींचा गुणाकार सुमारे 14.2 होतो. इंजिनाचा कमाल टॉर्क साधारण 149 न्यूटन-मीटर, म्हणजे पहिल्या गिअरमध्ये ॲक्सलवर सुमारे 2,120 न्यूटन-मीटर पोहोचतात. दोन माणसे बसलेल्या गाडीच्या मागच्या टायरना कोरड्या रस्त्यावर जेवढी पकड मिळते, तिच्या आसपासच हा जोर जातो. त्यामुळे निघतानाच्या क्षणापुरते पाहिले तर इंजिनात आणखी ताकद भरून फारसे काही साधत नाही. चाक जागच्या जागी फिरते एवढेच.

कारखान्यातील अभियंत्यांना हे ठाऊक होते. 1973 मध्ये त्यांनी याच गाडीच्या जीटी, म्हणजे पक्क्या छताच्या, रूपात रोव्हरचे 3528 सीसीचे व्ही-8 इंजिन बसवले, तेव्हा टॉर्क सुमारे 75 टक्क्यांनी वाढून 262 न्यूटन-मीटर झाला. त्यांनी ॲक्सलचे प्रमाण मात्र 3.909 वरून 3.07 वर आणि पहिला गिअर 3.138 वर आणला. गुणाकार करून पाहिल्यास पहिल्या गिअरमध्ये ॲक्सलवरचा टॉर्क जेमतेम 19 टक्क्यांनी वाढलेला दिसतो. उरलेला लाभ त्यांनी इंजिन शांतपणे, कमी फेऱ्यांत चालवण्यासाठी खर्च केला. माझ्या मते या गाडीच्या इतिहासातील हा सर्वांत शहाणपणाचा बदल आहे.

असाच सौदा पाच गिअरच्या गिअरबॉक्सबाबतही लक्षात घ्यावा लागतो. फोर्ड सिएरामधील टाइप 9 हा गिअरबॉक्स एमजीबीत बसवण्याची प्रथा बरीच रूढ आहे. मूळ चौथ्या गिअरमध्ये ताशी 100 किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे 3,400 फेरे घेते. टाइप 9 च्या 0.82 पटीच्या पाचव्या गिअरमध्ये ते 2,800 च्या आसपास उतरतात. कानांना आणि इंधनाच्या बिलाला हा दिलासाच आहे. परंतु मूळ गाडीला मिळणारा लेकॉक ओव्हरड्राइव्हही (गिअरबॉक्सला जोडलेला, फेरे आणखी उतरवणारा जादा टप्पा) जवळपास तेवढाच उतार देतो, आणि कमाल वेग यापैकी कशानेही वाढत नाही, कारण इंजिनाची सर्वाधिक शक्ती 5,400 फेऱ्यांवर मिळते आणि गाडीचा कमाल वेग मूळच्या चौथ्या गिअरमध्येच त्या फेऱ्यांच्या जवळ येतो. शिवाय टाइप 9 चा दुसरा गिअर 1.97 पटीचा आहे. पहिल्या गिअरमध्ये 5,500 फेऱ्यांपर्यंत नेऊन दुसरा टाकला, तर फेरे 2,970 पर्यंत कोसळतात; मूळ गिअरबॉक्समध्ये ते 3,340 पर्यंतच उतरत असत. साध्या इंजिनाला त्याचे काही वाटत नाही, पण तीव्र कॅमशाफ्ट लावलेले, वरच्या फेऱ्यांतच जागे होणारे इंजिन इथे नेमके ढेपाळते.

फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या मागच्या टोकाला फिरणारे जड चाक, हलके करण्याचा परिणाम यापेक्षा वेगळा आणि अधिक रंजक आहे. गाडी वेग घेते तेव्हा इंजिनातील फिरणाऱ्या भागांनाही वेग द्यावा लागतो, आणि त्यांची जडता चाकापाशी गिअरच्या पटीच्या वर्गाने मोजली जाते. फ्लायव्हीलच्या मध्यापासून सरासरी 12 सेंटिमीटर अंतरावरचे 3 किलोग्रॅम लोखंड काढून टाकले, तर पहिल्या गिअरमध्ये गाडीचे वजन सुमारे 95 किलोग्रॅमने उतरल्यासारखा फरक पडतो. चौथ्या गिअरमध्ये मात्र तोच फरक 7 किलोग्रॅमवर येतो. म्हणून घाटात सतत खालचे गिअर वापरणाऱ्याला हा बदल जाणवतो, महामार्गावर जाणवत नाही. त्याची किंमतही मोजावी लागते: रिकाम्या चालीत इंजिन अस्थिर होते आणि सिग्नलवर क्लच सोडताना बंद पडण्याची शक्यता वाढते.

डिफरन्शिअलकडे लक्ष सहसा सर्वांत शेवटी जाते. साधे डिफरन्शिअल दोन्ही चाकांना समान टॉर्क देते, म्हणजे ज्या चाकाची पकड कमी त्याच्या मर्यादेतच दोघांना राहावे लागते. एमजीबीच्या अखंड ॲक्सलमध्ये (दोन्ही मागची चाके एकाच ताठ ॲक्सलवर असतात) यात आणखी एक गोष्ट भर घालते. प्रॉपेलर शाफ्टचा पीळ संपूर्ण ॲक्सललाच वळवू पाहतो आणि उजवे मागचे चाक हलके करतो. पहिल्या गिअरमध्ये शाफ्टवर सुमारे 540 न्यूटन-मीटर असतात आणि दोन मागच्या चाकांतील अंतर 1.25 मीटर असते, म्हणून जास्तीत जास्त 44 किलोग्रॅमपर्यंत भार एका बाजूकडून दुसरीकडे सरकू शकतो. त्यातला काही भाग इंजिनाच्या उलट पिळामुळे बॉडीमार्फत आणि स्प्रिंगमार्फत परत येतो. मर्यादित-घसर डिफरन्शिअल, म्हणजे एका चाकाला एकटेच मोकळे फिरू न देणारे, हा तोटा बराच भरून काढते. त्यातले दात्यांच्या चाकांवर चालणारे प्रकार कमी पकडीच्या चाकावरील टॉर्कच्या ठरावीक पट टॉर्क दुसऱ्या चाकाला देतात, आणि म्हणूनच एक चाक पूर्ण हवेत गेले की त्यांचे काही चालत नाही: शून्याची कितीही पट शून्यच. एकमेकींवर घासणाऱ्या प्लेटच्या प्रकारात सुरुवातीचा दाब असल्याने अशा वेळीही थोडा जोर शिल्लक राहतो, मात्र त्याच्या प्लेट झिजतात आणि शहरातील संथ वळणांवर तो कुरकुरतो.

या गाडीवर पैसा आणि वेळ मर्यादित असेल, तर मी हलके फ्लायव्हील आणि मर्यादित-घसर डिफरन्शिअल आधी बसवीन, आणि पाचवा गिअर लांबच्या प्रवासाची खरोखर गरज असेल तरच.